संमतीपत्रातील मराठी आणि न उघडणारे तोंड

एका दंत महाविद्यालयाच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे माणसांवरच्या चाचण्या तपासून मंजुरी देणाऱ्या समितीवर, सदस्य म्हणून याल का, अशी विचारणा झाली तेव्हा मला निवृत्त होऊन वर्षही झाले नव्हते. आठवी ते दहावीच्या मुलांना मराठी शिकवण्यात हयात गेलेल्या बाईला दातांतले काय कळणार, असे मी विचारले. त्यावर समितीच्या सचिवांनी शांतपणे सांगितले की, ज्याला त्यातले काही कळत नाही असा एक माणूस समितीत असावाच लागतो. ते थट्टा करीत नव्हते. औषधांच्या चाचण्यांसंबंधी केंद्र सरकारने २०१९ साली जे नवे नियम लागू केले, त्यांनुसार अशा समितीत किमान सात सदस्य हवेत, त्यांपैकी निम्मे तरी त्या संस्थेशी संबंध नसलेले हवेत आणि डॉक्टर, कायदेतज्ज्ञ यांच्या जोडीला एक सर्वसामान्य व्यक्तीही हवी. ती सर्वसामान्य व्यक्ती म्हणून मी पहाटेची एसटी पकडून श्रीवर्धनहून शहरात जाते. माझ्या वाट्याला बहुतेक वेळा एकच कागद येतो. चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाने वाचून, समजून, मग सही करायचे ते मराठी संमतीपत्र.

पहिल्या बैठकीतील संमतीपत्रातले एक वाक्य मला अजून पाठ आहे. ‘सदर अभ्यासात आपणांस यादृच्छिकपणे दोहोंपैकी एका गटात समाविष्ट करण्यात येऊन प्लासिबो-नियंत्रित दुहेरी-अंध पद्धतीने आपले मूल्यमापन करण्यात येईल.’ व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यात एकही चूक नाही. मी ते दोनदा वाचले आणि मग शेजारी बसलेल्या वकीलसाहेबांकडे पाहिले, तर तेही माझ्याकडेच पाहत होते.

सचिवांच्या परवानगीने, औषधाचे आणि संशोधकाचे नाव झाकून, मी तो मजकूर घरी आणला. फाल्गुनाचे दिवस होते. आमच्या मागीलदारी उन्हात वाळलेली सुपारी सोलायला शेजारच्या चार-पाच बायका बसल्या होत्या. हात चालू, तोंडे चालू आणि त्यांतल्या दोघींच्या गालात सुपारीचे खांड. मी ते वाक्य मोठ्याने वाचून दाखविले. क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग एका म्हाताऱ्या बाईंनी काळजीने विचारले, “दुहेरी अंध म्हंजे दोन्ही डोळे जातात काय हो, बाई?”

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही सर्वांनी मिळून त्या वाक्याची चार वाक्ये केली. ‘तुम्हाला कोणते औषध द्यायचे हे डॉक्टर ठरवणार नाहीत, चिठ्ठ्या टाकून ठरेल. एका चिठ्ठीत खरे औषध असेल, दुसरीत औषधासारखीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी असेल. तुम्हाला कोणती मिळाली हे तुम्हालाही सांगणार नाहीत आणि तुमचे तोंड तपासणाऱ्या डॉक्टरांनाही माहीत नसेल. चाचणी संपल्यावर ते उघड केले जाईल.’ चिठ्ठ्या टाकणे म्हणजे काय हे कोकणात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. भिशीपासून वाटणीच्या भांडणापर्यंत आमचे पुष्कळसे चिठ्ठ्यांवरच चालते. मजकूर ऐकून शेजारच्या वहिनींनी जो प्रश्न केला, त्यात मात्र साऱ्या शास्त्राचा गाभा होता. त्या म्हणाल्या, “म्हंजे कुठलं औषध चांगलं ते डॉक्टरलाच अजून ठाऊक नाही, असंच ना?”

नेमके असेच. आणि तसे नसेल तर चाचणी करता येत नाही. एक उपचार दुसऱ्यापेक्षा सरस आहे हे आधीच सिद्ध झालेले असेल, तर निम्म्या लोकांना कमी प्रतीचा उपचार देणे हा गुन्हा ठरेल. रुग्ण डॉक्टरकडे जातो तो डॉक्टरला ठाऊक आहे या विश्वासाने, आणि चाचणीचा कागद मात्र त्याला सांगतो की या एका बाबतीत आम्हाला ठाऊक नाही, ते शोधण्यासाठी तुमची मदत हवी आहे. ही कबुली बोजड शब्दांत गुंडाळून ठेवण्याचा मोह संशोधकांना का होतो, हे मी समजू शकते. पण ती दिसली नाही, तर समोरच्याची सही कशावर घेतली याला काही अर्थ उरत नाही.

तोंडाच्या आरोग्याशी चाचण्यांचे नाते फार जुने आहे, हे मला समितीत आल्यावर कळले. जेम्स लिंड हा ब्रिटिश नौदलातील शल्यवैद्य. २० मे १७४७ रोजी ‘सॅलिस्बरी’ या जहाजावर त्याने स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, झालेले १२ खलाशी निवडले. सर्वांच्या हिरड्या कुजल्यासारख्या सुजलेल्या, अंगावर डाग, गुडघ्यांत जोर नाही. त्याने त्यांच्या दोन-दोनांच्या सहा जोड्या केल्या, सर्वांना एकच जेवण ठेवले आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला: कोणाला सफरचंदाची सायडर, कोणाला व्हिनेगर, कोणाला चक्क समुद्राचे पाणी, आणि एका जोडीला संत्री व लिंबू. फळे सहा दिवसांतच संपली, तरी ती जोडी सर्वांत आधी उठून उभी राहिली. त्या तारखेच्या स्मरणार्थ २० मे हा जगभर क्लिनिकल ट्रायल दिन म्हणून पाळला जातो. आमच्या बंदरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे जहाजावर गेली आहेत, म्हणून ही गोष्ट मी इकडे सांगते तेव्हा लोक लक्ष देऊन ऐकतात. पुढचा भाग ऐकल्यावर मात्र हसतात: लिंडने हे १७५३ साली छापले, आणि नौदलाने लिंबाचा रस सक्तीचा केला तो १७९५ साली. सरकारी फाईल तिकडेही आपल्यासारखीच चालत असावी.

आमच्या समितीपुढे सर्वांत जास्त प्रस्ताव ज्या विकाराचे येतात, त्याचे नाव ओरल सबम्युकस फायब्रोसिस. गावात त्याला एवढेच म्हणतात की तोंड आखडले. सुरुवातीला तिखट खाल्ले की तोंडात आग होते, मग गालाची आतली कातडी पांढुरकी, चामड्यासारखी होऊ लागते, तिच्याखाली दोरखंडासारखे पट्टे हाताला लागतात आणि तोंड हळूहळू उघडेनासे होते. आपल्याच हाताची तीन बोटे उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात का, हे कोणीही घरी पाहू शकतो. दवाखान्यात हेच अंतर व्हर्नियर कॅलिपरने मिलिमीटरमध्ये मोजतात. वहिनींची दोनच बोटे जातात आणि दुसरेही त्या जरा तिरके करूनच घालतात. भाकरीचा तुकडा त्या दुमडून तोंडात सरकवतात, हे मी रोज पाहत होते. त्याला आजाराचे नाव आहे हे मला ठाऊक नव्हते.

या विकाराचे पहिले वर्णन १९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या बाबतीत केले, आणि १९५३ साली मुंबईच्या डॉ. जोशी यांनी त्याला सबम्युकस फायब्रोसिस हे नाव दिले. कारण सुपारी. तंबाखू नसलेली, निखळ सुपारीसुद्धा. सुपारीतील अरेकोलीनसारख्या द्रव्यांमुळे कातडीखालचे तंतू वाढत जातात आणि ते विरघळण्याची शरीराची नेहमीची क्रिया मंदावते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात एकट्या सुपारीलाही माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात टाकले. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. साध्या सुपारीवर अर्थातच नाही.

इथे माझी स्वतःची अडचण सुरू होते, आणि ती लपवणे मला बरे वाटत नाही. आमच्या घरामागे सुपारीची वाडी आहे. श्रीवर्धनची रोठा सुपारी म्हणून जी ओळखली जाते, तिच्यावर माझे शिक्षण झाले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी लावलेली झाडे काडेपेटीतल्या काड्यांसारखी मोडून पडली, आणि त्या जागी नवी रोपे लावताना ती फळाला येईपर्यंत आपण असू की नसू, याचा हिशेब आम्ही मांडला होता. तेव्हा संमतीपत्रात ‘सहभागी व्यक्तीस सुपारीसेवन बंद करण्याचा सल्ला दिला जाईल’ हे वाक्य आले की सोलायला बसलेल्या बायका माझ्याकडे बघून हसतात, आणि मलाही हसण्यापलीकडे काही सुचत नाही.

मात्र या साध्या दिसणाऱ्या वाक्यातच चाचणीची सर्वांत मोठी गुंतागुंत आहे. चाचणीत कोणत्याही गटात पडलात तरी सुपारी सोडण्याचा सल्ला आणि तोंडाचा व्यायाम सर्वांना मिळतोच. आइस्क्रीमच्या चपट्या काड्यांचा जुडगा दातांमध्ये धरायचा आणि जमेल तशी एक-एक काडी वाढवत जायची, असा तो व्यायाम. दर पंधरा दिवसांनी कोणी तरी आपले तोंड मोजणार, किती खाल्लीस म्हणून विचारणार, एवढ्यानेच माणूस खांड कमी करतो. परिणामी, औषध नसलेल्या गोळीच्या गटातील तोंडेही चार-दोन मिलिमीटरने उघडू लागतात. तुलनेसाठी दुसरा गट ठेवलाच नसता, तर ते सगळे श्रेय गोळीने घेतले असते. या विकारावर हायल्युरोनिडेज आणि स्टेरॉइडच्या इंजेक्शनांपासून लायकोपीन, पेंटॉक्सिफिलीन, हळदीतील कर्क्युमीन यांपर्यंत अनेक गोष्टी वापरून पाहिल्या गेल्या आहेत. तरीही २००८ साली कॉक्रेन या चाचण्यांचे पुरावे पडताळणाऱ्या संस्थेच्या आढावाकारांनी जगभरच्या चाचण्या कसोशीने गोळा केल्या, तेव्हा त्यांच्या निकषांत बसल्या त्या फक्त दोन. विकार आपला, रुग्ण आपले आणि नीट पुरावा इतका तोकडा, हे वाचून मला तेव्हा लाज वाटली होती.

नीट चाचणी करणे अवघड का असते, हे मी हळदीच्या प्रस्तावावरून शिकले. संशोधकाने एका गटाला हळदीच्या अर्काच्या गोळ्या आणि दुसऱ्याला पांढऱ्या खडूसारख्या गोळ्या असे लिहिले होते, आणि रुग्णांना गट कळणार नाही असेही खाली ठामपणे नोंदवले होते. कोकणातल्या बाईला हळद ओळखता येणार नाही, असे ज्याला वाटते त्याने आयुष्यात स्वयंपाकघर पाहिलेले नसावे. समितीत मी एरवी फारसे बोलत नाही, त्या दिवशी बोलले. नंतर दोन्ही गोळ्या एकाच रंगाच्या, पक्क्या बंद कॅप्सूलमध्ये घालण्याचे ठरले. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या गुळण्यांच्या चाचणीतही हाच घोटाळा होतो, कारण ते औषध काही आठवड्यांत दातांवर तपकिरी डाग पाडते आणि तपासणाऱ्याला तोंड उघडताच गट कळून चुकतो.

दातांच्या चाचण्यांत आणखी एक पद्धत आहे जी इतर रोगांत सहसा शक्य नसते: एकाच माणसाच्या तोंडाच्या उजव्या बाजूला एक उपचार आणि डाव्या बाजूला दुसरा. कल्पना फार चांगली आहे, कारण माणूस तोच, त्याचे खाणे तेच, ब्रश करण्याची सवय तीच, त्यामुळे फरक पडला तर तो उपचाराचाच. चिठ्ठ्या टाकून तुलना करण्याचे हे शास्त्र १९२०च्या दशकात इंग्लंडमधील रोथॅमस्टेडच्या शेतांत, संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या हातून घडले, हे कळल्यावर मला ते एकदम जवळचे वाटले. एका खाचराला एक खत, शेजारच्या खाचराला दुसरे. पण ज्याने भातशेती केली आहे त्याला पुढची शंका आपोआप येते: बांध फुटला तर? तोंडात तर बांधच नाही, लाळ इकडून तिकडे फिरतच असते. उजव्या बाजूला लावलेले फ्लोराइड डाव्या बाजूलाही थोडेफार पोचते आणि दोन्हींतला फरक खरा असतो त्याहून कमी दिसतो. म्हणून ही पद्धत कुठे चालेल आणि कुठे नाही, हे प्रत्येक वेळी भांडून ठरवावे लागते.

दुसरी चूक मोजणीची. एका प्रस्तावात ३० रुग्णांच्या प्रत्येकी १० दातांवर काम करून नमुना ३०० चा, असे लिहिले होते. आमच्या संख्याशास्त्रज्ञांनी मला ते असे समजावले की, एका माडाचे दहा नारळ मोजून दहा माड मोजले असे म्हणता येत नाही. माड खोडकिड्याने पोखरलेला असेल तर त्याचे सगळेच नारळ रोड निघतील. (संख्याशास्त्रज्ञ मालवणकडचे होते, हे सांगायला नकोच.)

आपल्याकडच्या दातांच्या चाचण्या लहान असतात, त्याला एक घरगुती कारण आहे. त्यांतल्या पुष्कळशा एमडीएस या दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर पदवीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध असतात आणि तो अभ्यासक्रम तीन वर्षांचा. विषय ठरवणे, समितीची मंजुरी, नोंदणी यांत पहिले वर्ष जाते, लिहिण्यात शेवटचे, आणि उरलेल्या मधल्या काळात जेवढे रुग्ण हाती लागतील तेवढे. नोंदणी मात्र आता टाळता येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २० जुलै २००७ रोजी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री सुरू केली; १ एप्रिल २०१८ पासून तिथे पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते. याचा फायदा कोणीही घेऊ शकतो. आपल्याला ज्या चाचणीत बोलावले आहे तिचा नोंदणी क्रमांक विचारावा आणि मोबाईलवर तो शोधावा. चाचणी कुठे चालली आहे, किती लोकांवर, काय मोजणार आहेत, हे सगळे फुकट वाचता येते. निकाल मनासारखा आला नाही म्हणून मोजण्याची गोष्टच मागाहून बदलणे, ही जुनी लबाडी त्यामुळे पकडता येते.

समितीतर्फे मी केलेल्या एका पाहणीची हकिकत मात्र मला इथे लिहिलीच पाहिजे. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण तसे इतरत्रही घडत असणार. अक्कलदाढ काढल्यानंतरच्या वेदनेवर दोन गोळ्यांची तुलना करणारी ती चाचणी होती. अक्कलदाढ काढल्यावर येणारी कळ जगभरच्या वेदनाशामकांची कसोटी मानली जाते, कारण ती निरोगी तरुण माणसात, ठरलेल्या वेळी आणि साधारण सारख्याच प्रमाणात येते. मी गेले तेव्हा खुर्चीत एक पंचविशीचा मासेमार मुलगा होता. भूल दिलेली, जबडा बधिर, गालात कापसाचे बोळे, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत असलेली, आणि त्याच्या छातीवरच्या हिरव्या कापडावर ठेवलेले सात पानी संमतीपत्र. विद्यार्थिनी घाईघाईने विचारत होती, “समजलं ना?” तो म्हणाला, “हं.” त्याला दुसरे काही म्हणताच येत नव्हते. तिने पेन त्याच्या बोटांत दिले आणि त्याने सही केली.

ती मुलगी वाईट नव्हती. बाहेर रांग होती, मार्गदर्शक सर चिडत होते, आणि तिला त्या महिन्यात आणखी सहा रुग्ण हवे होते. पण जो माणूस नाही म्हणू शकत नाही, त्याचे हो धरायचे कसे? आम्ही ती चाचणी थांबवली, आधीच्या सर्व संमती पुन्हा घ्यायला लावल्या, आणि तेव्हापासून समितीच्या मंजुरीपत्रात एक अट कायमची बसली: संमतीची बोलणी उपचाराच्या खुर्चीत होणार नाहीत, रुग्ण साध्या खुर्चीवर बसलेला असताना आणि शक्यतो आदल्या भेटीत होतील. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार हवा, हे नियमातच आहे. तोंडाच्या बाबतीत, मला वाटते, त्याहून एक पाऊल पुढे जायला हवे, कारण इथे उपचार आणि उत्तर दोन्ही एकाच अवयवाने द्यायचे असतात.

संमतीला फाटा देऊन मिळवलेले ज्ञानही कधीकधी खरे असते, ही गोष्ट मला सर्वांत अस्वस्थ करते. स्वीडनमधील लुंडजवळच्या विपेहोल्म संस्थेत १९४५ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगांत मतिमंद रुग्णांना दिवसाला कित्येक चिकट टॉफ्या खायला देऊन त्यांचे दात किडवले गेले. जेवणांच्या मध्ये खाल्लेली, दाताला चिकटून राहणारी साखर सर्वांत घातक, हे आपल्याला त्यातूनच पक्के कळले. तिकडे मुलांना मिठाई फक्त शनिवारी देण्याची जी रीत पडली, तिच्या मुळाशी तो निष्कर्ष आहे. शाळेत मुलांना चॉकलेट दोन जेवणांमध्ये खाऊ नका, असे मी कितीदा तरी सांगितले असेल. ते कोणाच्या दातांवरून शिकलो, हे मला तेव्हा माहीत नव्हते.

उलट, चांगली झालेली मोठी चाचणी काय करू शकते याचे उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर, जरा दक्षिणेला आहे. १९९६ मध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील १३ पंचायतींच्या चिठ्ठ्या टाकण्यात आल्या. सात पंचायतींत प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन पस्तिशीपुढच्या लोकांची तोंडे नुसत्या डोळ्यांनी तपासली, सहा पंचायतींत नेहमीचीच व्यवस्था राहिली. २००५ साली निकाल आला: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. ना यंत्र, ना सुई. एक बॅटरी आणि बघायचे काय हे शिकवलेले डोळे. आमच्याकडे अजून कित्येक बायका सकाळी मशेरी लावल्याशिवाय चुलीपाशी जात नाहीत. त्यांच्या गावात अशी बॅटरी वर्षातून एकदा तरी यावी, याला आणखी कोणत्या पुराव्याची वाट पाहायची, हे मला कळत नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की, सुरुवातीच्या टप्प्यातील तोंडाच्या कर्करोगाच्या पहिल्या शस्त्रक्रियेतच मानेतील गाठीही काढल्या, तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत असतात. गाठी दिसल्यावर काढू म्हणून थांबले तर ६७.५ टक्के. सर्जन मंडळी या प्रश्नावर कित्येक दशके वाद घालत होती.

अपेक्षेविरुद्ध निकाल आला तरी तोही उपयोगी पडतो. हिरड्यांचा आजार आणि मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मणे यांचा संबंध निरीक्षणांत दिसत होता, म्हणून अमेरिकेत ८२३ गर्भवती स्त्रियांवर चाचणी झाली. २००६ मध्ये कळले की गरोदरपणी हिरड्यांवर उपचार केल्याने अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे कमी झाली नाहीत. मात्र हेही कळले की त्या उपचारांनी आईला किंवा बाळाला अपाय झाला नाही. पोटुशी बाईने दाताला हात लावू देऊ नये, असे सांगणाऱ्या आमच्या आज्यांना हे दुसरे वाक्य ऐकवण्यासारखे आहे. त्याच आज्या ग्रहणात विळी हातात धरली म्हणून बाळाचा ओठ दुभंगला, असेही म्हणतात आणि ते आईच्या माथी मारतात. टाळू दुभंगलेल्या ५५८ बाळांवरील चाचणीचा निकाल २०२३ मध्ये आला: शस्त्रक्रिया बाराव्याऐवजी सहाव्या महिन्यात केली, तर पाचव्या वर्षी बोलताना नाकातून हवा निसटण्याचा दोष कमी मुलांत उरतो. ग्रहण कधी होते, यापेक्षा बाळाला दवाखान्यात कधी नेले, हे विचारावे.

आता वहिनींविषयी. आमच्या पट्ट्यात शिबिर झाले, त्यात त्यांचे तोंड २४ मिलिमीटर उघडते असे निघाले आणि एका चाचणीसाठी त्यांना विचारण्यात आले. वहिनी शेजारच्या आणि मी समितीवर, म्हणून त्या बैठकीत मी मत दिले नाही, आणि सही करा किंवा करू नका असे त्यांना सांगितलेही नाही. संमतीपत्र त्या घरी घेऊन गेल्या. सुटीत मुलगा मुंबईहून आला, त्याने रात्री जागून सगळी पाने वाचली. परत आलेल्या प्रतीला हळदीचा डाग होता आणि शेवटच्या पानावर सहीच्या जागेवर पेन्सिलीने दोन प्रश्न लिहिलेले होते. ‘तिसरी तपासणी गौरीविसर्जनाच्या दिवशी आहे, ती बदलेल का? एसटीचे भाडे कोण देणार?’

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मूळ प्रस्तावात होते, प्रवासखर्चासाठी पैसे धरलेलेही होते. रुग्णाच्या हाती पडणाऱ्या मराठी कागदावर मात्र त्याची ओळ नव्हती. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणाकडेच नव्हते, कारण तारखा ठरवताना कोणी पंचांग उघडले नव्हते. लावणीच्या आणि गणपतीच्या दिवसांत इकडचा रुग्ण तपासणीला येणार नाही, मग तो मध्येच सोडून गेला अशी त्याची नोंद होईल आणि निकाल तेवढा कच्चा राहील, हे मी बैठकीत मांडले. तारीख आठ दिवसांनी पुढे गेली आणि भाड्याची ओळ ठळक अक्षरांत आली. वहिनींची सही अजून झालेली नाही. सुधारलेली प्रत छापून आली की ती त्यांना आधी मुलाला दाखवायची आहे.